आधी बसवा, मग उतरवा

गेल्या वर्षी एका मुलाने मला व्हिडिओ पाठवला. होस्टेलची खोली, कॉटवर आडवा ठेवलेला कीबोर्ड, मागे दोरीवर टॉवेल. जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'मध्ये टॉमी फ्लॅनगनने वाजवलेला पियानोचा सोलो तो वाजवत होता. खाली लिहिलं होतं, "दोन महिने घासला दादा. तुमच्यामुळे जमलं. थँक्यू."

व्हिडिओ मी दोनदा पाहिला. उजवा हात बराचसा बरोबर होता. डाव्या हातात मात्र अधूनमधून असे सूर येत होते, जे त्या रेकॉर्डवर फ्लॅनगनने वाजवलेलेच नाहीत. ते कुठून आले हे मला लगेच कळलं, कारण ते मीच घातले होते. ते पियानोचे सूर नव्हते. पॉल चेंबर्सच्या डबल बासचे होते.

झालं असं होतं, की एका शनिवार-रविवारी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. गाण्याची फाइल टाकायची, आत एक फुकट मिळणारं मॉडेल चालणार, आणि बाहेर स्टाफ नोटेशनची छान पीडीएफ. प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला आणि नमुना म्हणून दहाएक सोलोंच्या पीडीएफही टाकल्या. लोकांनी उचलल्या. त्या मुलानेही उचलली, आणि दोन महिने रोज रात्री बासच्या तारेची सावली डाव्या हाताने पाठ केली.

तो प्रोग्रॅम मी काढून टाकला. त्यावर आलेले बहुतेक मेसेज एकाच धाटणीचे होते: "बग होता तर फिक्स करा ना, डिलीट कशाला केलं?" याचं उत्तर चार ओळींत देता येईना, म्हणून हा लेख. थोडक्यात माझं म्हणणं असं: तो बग फिक्स झाला असता, प्रत्येक सूर बिनचूक आला असता, तरीही त्या मुलाचं नुकसान झालंच असतं. फक्त ते मला दिसलं नसतं.

*

ज्यांचा जॅझशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. जॅझमध्ये गाण्याची धून एकदा वाजते आणि मग त्याच कॉर्ड्सच्या चक्रावर वादक आवर्तनामागून आवर्तन नवं काहीतरी रचत जातो, तिथल्या तिथे. तो सोलो. रेकॉर्डवर पकडला गेला की तो कायमचा झाला. शिकणारे ती रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावतात आणि सोलो कानाने काढतात. याला ट्रान्सक्राइब करणं म्हणतात. या शब्दातच घोटाळा आहे, कारण त्यात 'लिहिणं' आहे, आणि त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हाती कागद आला म्हणजे काम झालं.

मराठीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत. एक, उतरवून घेणं. फळ्यावरचं उतरवून घेतात, फोन नंबर उतरवून घेतात. दुसरं, बसवणं. गाणं बसवतात, नाटक बसवतात, गणपतीसुद्धा बसवतात. उतरवलेली गोष्ट वहीत राहते, बसवलेली अंगात. सोलो ट्रान्सक्राइब करणं हे नव्वद टक्के बसवणं आहे. उतरवणं हा त्याचा शेवटचा, ऐच्छिक भाग. आपण, म्हणजे पीडीएफ जमवणारे आणि पीडीएफ बनवणारे, नेमकं उलटं करतोय. उतरवणं आयतं घेतोय आणि बसवण्याचा भाग गाळतोय.

चार्ली पार्कर सोळा वर्षांचा असताना, १९३७च्या उन्हाळ्यात, ओझार्क डोंगरातल्या एका रिसॉर्टवर बँडबरोबर वाजवायला गेला. बरोबर काउंट बेसीच्या बँडच्या रेकॉर्ड्स नेल्या होत्या, त्यांत लेस्टर यंगचे टेनर सॅक्सोफोनचे सोलो होते. ते त्याने कानाने बसवले. पुढच्या दशकात तो जे वाजवायला लागला ते लेस्टर यंगसारखं ऐकू येत नाही. लेस्टरच्या सुरात हवा आहे, ऐसपैसपणा आहे. पार्कर धारदार, भरधाव. म्हणजे 'दुसऱ्याचे सोलो बसवले की आपण नकलाकार होतो' ही भीतीही खरी नाही. नकलाकार होतो तो वरवरचं उचलणारा.

न्यूयॉर्कमध्ये पियानिस्ट लेनी ट्रिस्टानो शिकवायचा, तेव्हा विद्यार्थ्यांना लेस्टर यंगचे आणि पार्करचे सोलो आधी गायला लावायचा. रेकॉर्डबरोबर, प्रत्येक श्वास आणि प्रत्येक लोंबकळणारा सूर जिथल्या तिथे. वाद्य नंतर. ली कोनिट्झ आणि वॉर्न मार्श हे त्याच्या हाताखालून गेलेले सॅक्सोफोनवाले. त्यांचं वाजवणं ऐका आणि मग सांगा गाण्यात वेळ फुकट गेला का.

*

मी स्वतः पीडीएफवालाच होतो. आल्टो सॅक्सोफोन नोकरी लागल्यावर शिकायला घेतला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करतात म्हणून कपाट उघडून, कपड्यांमध्ये तोंड घालून वाजवतो. त्या काळात माझ्या ड्राइव्हवर दोनशेच्या वर सोलोंच्या पीडीएफ होत्या. आणि टेबलावर 'चार्ली पार्कर ऑम्निबुक'. जेमी एबरसोल्ड आणि केन स्लोन यांनी उतरवलेल्या पार्करच्या साठेक सोलोंचं हे पुस्तक १९७८ साली आलं. जगभरच्या सॅक्सोफोनवाल्यांच्या घरी ते असतं, आणि अनेकांच्या घरी पोथीसारखं पुजलं जातं.

पुण्यात कॅम्पातल्या एका घरी काही लोक महिन्यातून एकदा वाजवायला जमतात. तिथे सत्तरी ओलांडलेले एक पियानोवादक येतात, मूळचे गोव्याचे. सगळे त्यांना अंकल म्हणतात. एकदा मी पुस्तक स्टँडवर ठेवून पार्करचा 'नाऊज द टाइम'मधला सोलो वाजवला. बऱ्यापैकी लयीत, एक-दोन चुकांसकट. टाळ्याही पडल्या. अंकल उठले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "छान. आता गाऊन दाखव."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"सगळा नको. पहिले चार बार."

मला चार बार गाता आले नाहीत. एकसुद्धा नीट आला नाही. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुला हा सोलो येत नाही. तुझ्या डोळ्यांना येतो." आणि चहा घ्यायला निघून गेले.

इंजिनिअरिंग केलेल्यांना जीटी आठवत असेल. ग्लास ट्रेसिंग. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रेघ न् रेघ गिरवायची. शीट देखणी व्हायची, सही मिळायची, आणि व्हायव्हात सरांनी 'हा सेक्शन कुठून घेतलाय?' विचारलं की आपण छताकडे बघायचो. मी पार्करला जीटी मारली होती. त्या होस्टेलच्या मुलाने फ्लॅनगनला मारली, आणि त्याला काच आणि ट्यूबलाइट मी पुरवली.

*

"पण कागदावर सगळं असतंच की!" नसतं. काय काय नसतं ते बघू.

लेस्टर यंग टेनरवर एकच सूर लागोपाठ वाजवायचा, पण दर वेळी वेगळी बोटं लावून. सॅक्सोफोनवर काही सूर एकापेक्षा जास्त तऱ्हेने निघतात. उंची तीच राहते, पण एकदा सूर मोकळा वाजतो, एकदा घुसमटलेला, जणू कुणीतरी 'हो' आणि 'हूं' आलटून पालटून म्हणतंय. कागदावर ते चार सारखे ठिपके दिसतात. कागद बघून वाजवणारा चार वेळा 'हो' म्हणतो आणि मनात विचार करतो, यात लेस्टरचं मोठेपण ते काय?

एरॉल गार्नर हा पियानिस्ट. त्याला नोटेशन वाचताच येत नव्हतं. त्याचा डावा हात गिटारच्या ठोक्यांसारखा घड्याळात चालतो आणि उजवा हात त्याच्या किंचित मागे रेंगाळतो. १९५५ साली कॅलिफोर्नियात झालेल्या मैफलीची 'कॉन्सर्ट बाय द सी' ही रेकॉर्ड ऐका. दोन हातांमधल्या त्या फटीतच सगळी मजा आहे. ती फट कागदावर लिहायला गेलात तर इतकी चिन्हं लागतील की कुणाला वाचता येणार नाही. म्हणून उतरवणारे ती गाळतात आणि दोन्ही हात एका रेषेत लिहितात. तसं वाजवलं की गार्नर गेला, उरली फक्त धून.

स्विंगचंही तेच. कागदावर दोन आठवांश सूर सारखे लिहिलेले असतात. वाजवताना पहिला लांब, दुसरा आखूड. किती लांब? ते लयीवर आणि वादकावर अवलंबून. संथ लयीत फरक खूप असतो, द्रुत लयीत दोन्ही जवळजवळ समान होतात. डेक्स्टर गॉर्डन ठोक्याच्या मागे टेकून बसल्यासारखा वाजवतो. हे अमुक मिलिसेकंद म्हणून मोजता येतं, पण मोजून कुणाला टेकून बसता येत नाही. ते अंगात यायला त्याच्याबरोबर शंभर वेळा बसावं लागतं.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' १९५९चा. त्याच्या पहिल्या सत्रात ध्वनिमुद्रणाचं यंत्र किंचित मंद चालत होतं, त्यामुळे रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ वादनापेक्षा थोडी वर, चढी वाजायची. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये हे दुरुस्त झालं. म्हणजे तीसेक वर्षं लोक जगातली एक अतिप्रसिद्ध रेकॉर्ड चुकीच्या पट्टीत ऐकत होते. आता विचार करा, हा फरक कुणाला बोचणार? जो पियानोवर बसून रेकॉर्डबरोबर वाजवतो त्याला. त्याचा पियानो आणि बिल एव्हान्सचा पियानो जुळणारच नाहीत. त्याच सोलोचा कागद समोर ठेवून वाजवणाऱ्याला कधीच काही बोचणार नाही. कागदावर सगळं नेहमी सुरातच असतं.

*

आता पुन्हा 'जायंट स्टेप्स'कडे. प्रोग्रॅम काढून टाकल्यावर मी ठरवलं, ज्या सोलोत मी घाण करून ठेवली तो निदान एकदा स्वतःच्या कानाने काढायचा. फ्लॅनगनचा पूर्ण, आणि त्याच्याआधीचं कोल्ट्रेनचं थोडं.

ही रेकॉर्ड मे १९५९ची. कोल्ट्रेन टेनरवर, फ्लॅनगन पियानोवर, चेंबर्स बासवर, आर्ट टेलर ड्रम्सवर. सोळा बारचं आवर्तन आणि त्यात २६ कॉर्ड्स. मुख्य भानगड अशी, की गाण्याला एक षड्ज नाही, तीन आहेत. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन. एकमेकांपासून समान अंतरावरच्या या तीन पट्ट्यांमध्ये गाणं सतत उड्या मारतं. लय अशी की सोळा बारचं आवर्तन तेरा-चौदा सेकंदांत संपतं. अनेक कॉर्ड्स अर्ध्या सेकंदापेक्षा कमी टिकतात.

कागदावर कोल्ट्रेनचा सोलो म्हणजे काळ्या मुंग्यांची रांग. बघूनच छाती दडपते. मी तो लय निम्म्यावर आणून, एकेक बार गाऊन काढायला लागलो, आणि तिसऱ्या दिवशी एक गोष्ट कानाला लागली. तो चार सुरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वापरतोय. सा रे ग प. षड्ज बदलला, पुन्हा सा रे ग प. कॉर्ड बदलली, तिच्या मुळावरून पुन्हा सा रे ग प. कधी सरळ, कधी उलटा, कधी मधूनच. अमानवी वेगाच्या आत एक अत्यंत मानवी गोष्ट होती: घोटलेला पलटा. या माणसाने हे चक्र घरी इतक्या वेळा फिरवलं होतं की आता ते त्याला फिरवत होतं. मुंग्यांची रांग बघताना मला हा माणूस देव वाटला होता. गाऊन काढल्यावर रियाज करणारा वाटला. आणि रियाज करणाऱ्याकडून शिकता येतं, देवाकडून येत नाही.

मग फ्लॅनगन. त्याचा सोलो इंटरनेटवर गंमतीचा विषय आहे. सुरुवातीला तो एकेरी सुरांच्या ओळी वाजवतो, मग त्या तुटायला लागतात, मध्ये मोकळ्या जागा पडतात, आणि शेवटाकडे तो ओळी सोडून नुसत्या कॉर्ड्स धरतो. मग कोल्ट्रेन परत येतो आणि जणू काही झालंच नाही असा पळत सुटतो. लोक या सोलोवर मीम्स करतात. पियानोवाला हरवला, बिचारा.

कागदावर त्या मोकळ्या जागा म्हणजे विरामाची चिन्हं. वाजवणारा त्या मोजतो आणि पुढे जातो. गाऊन बसवायला गेलात तर असं करता येत नाही, कारण श्वास कुठे घ्यायचा हे ठरवायला तो का थांबला हे कळावं लागतं. मी त्या जागा वीस-तीस वेळा ऐकल्या तेव्हा कळलं: तिथे एक अतिशय चांगला पियानिस्ट पुढची कॉर्ड ऐकतोय. ऐकू आल्याशिवाय वाजवायचं नाही, असं त्याने ठरवलंय. हात नुसते पळवून जागा भरता आली असती. पाठ केलेलं काहीतरी घुसवता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. एवढ्या वेगात, टेप चालू असताना, 'मला आत्ता सुचत नाहीये' हे त्याने रेकॉर्डवर राहू दिलं. मला तरी तो सोलो आता हरलेला वाटत नाही. १९८२ साली त्याच फ्लॅनगनने कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ 'जायंट स्टेप्स' नावाचाच अख्खा अल्बम केला आणि तेच गाणं निवांत, रुबाबात वाजवलं. ज्याला पळ काढायचा असतो तो तेवीस वर्षांनी परत येत नाही.

आणि आता माझा गुन्हा काय होता ते बघा. माझ्या प्रोग्रॅमने बासचे सूर कुठे भरले होते? नेमके त्या मोकळ्या जागांमध्ये. पियानो थांबला की मागचा बास जास्त स्पष्ट ऐकू येतो, आणि शांतता हे यंत्राला उत्तर वाटत नाही. त्या सोलोतली सगळ्यात प्रामाणिक जागा होती ती मी बुजवून टाकली, आणि एका मुलाने ती बुजवलेली जागा दोन महिने पाठ केली.

*

हे का झालं ते तांत्रिक अंगानेही सांगतो, कारण 'पुढच्या व्हर्जनमध्ये सुधारेल' असं म्हणणारे माझेच भाऊबंद आहेत.

तंबोरा छेडला की त्यातून गंधार ऐकू येतो, तार मात्र गंधाराला लावलेली नसते. प्रत्येक सुराच्या पोटात त्याचे वरचे स्वरांश वाजत असतात. बासची ए तार ५५ हर्ट्झला वाजते, तिच्याबरोबर ११०, १६५, २२० हर्ट्झही वाजतात. यातले ११० आणि २२० म्हणजे पियानोच्या डाव्या हाताखालच्या दोन पट्ट्या. फक्त कंपनसंख्या बघितल्या तर ते बासचे स्वरांश आहेत की पियानोच्या पट्ट्या, हे ओळखणं फार अवघड. त्यात १९५९चं ध्वनिमुद्रण आणि वर झांजेचा सळसळाट. तुमचा कान हे कोडं सोडवतो कारण तुम्हाला बासवाला म्हणजे काय, पियानोवाला म्हणजे काय आणि गाणं आता कुठे चाललंय हे माहीत असतं. मॉडेलही हळूहळू ते शिकेल, यात मला शंका नाही. आजची परिस्थिती मात्र अशी की जर्मनीतल्या वायमारच्या संगीत महाविद्यालयात जॅझच्या संगणकीय अभ्यासासाठी ४५६ सोलोंचा डेटाबेस केला, तेव्हा ते सोलो माणसांनीच, कानाने उतरवले.

यंत्राशी माझं भांडण नाही. पूर्वी लोक एलपी निम्म्या वेगाने लावायचे तेव्हा सोलो एक सप्तक खाली घसरायचा आणि सॅक्सोफोन गाईसारखा हंबरायचा. आज फोनवर पट्टी न बदलता लय निम्मी करता येते. ज्या तंत्राच्या वंशातून हे आलं ते फेज व्होकोडर १९६६ साली बेल लॅब्जमधल्या दोघांनी मांडलं. त्यातल्या एकाचं नाव फ्लॅनगन. जेम्स, टॉमी नव्हे. एका फ्लॅनगनच्या कृपेने मला दुसऱ्या फ्लॅनगनचा सोलो काढता आला. ते यंत्र माझ्या कानासाठी वेळ वाढवतं. मी लिहिलेलं यंत्र कानाचं काम काढून घेत होतं. दोन्ही सॉफ्टवेअरच, पण एक कंदील आहे आणि दुसरं म्हणजे 'तू घरी थांब, मी बघून येतो' म्हणणारा शेजारी. तो शेजारी सगळं खरं सांगेल हो. पण बघून तो आला, तुम्ही नाही.

*

आता काही जण दुसऱ्या टोकावरून माना डोलावत असतील. "बरोबर! कागदच वाईट. आपल्याकडे विद्या गुरुमुखातून येते." थांबा. मी तुमच्याही बाजूचा नाही.

भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या तेव्हा त्यांच्यावर टीका झालीच होती. आज कित्येक बंदिशी आपल्यापर्यंत पोचल्या त्या त्यांच्या पुस्तकांमुळे. पण भातखंडे उस्तादांसमोर बसून, ऐकून लिहीत होते. कागद त्यांच्या कानानंतर आला.

जॅझमध्येही तेच. थेलोनियस मंकने १९५२ साली 'लिटल रूटी टूटी' हे आपलं गाणं पियानो, बास आणि ड्रम्सवर ध्वनिमुद्रित केलं. १९५९च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मैफल ठरली, तेव्हा हॉल ओव्हरटनने मंकबरोबर बसून त्या रेकॉर्डवरचा पियानोचा सोलो दहा जणांच्या बँडसाठी लिहिला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ट्यूबा, सगळे मिळून मंकच्या हातांच्या उड्या वाजवतात. कागदाशिवाय हे शक्य नव्हतं. आणि मंकच्या पियानोजवळ बसून कान झिजवल्याशिवाय तो कागदही शक्य नव्हता.

आणि मुंबई तर आपलीच. गोव्याच्या पॅरिश शाळांत सोल्फेज आणि स्टाफ नोटेशन शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांमधल्या बँडमध्ये जॅझ वाजवायचे आणि मग स्टुडिओत जाऊन हिंदी सिनेमाचं संगीत लिहून द्यायचे. चिक चॉकलेटला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तोच सी. रामचंद्रांबरोबर १९५१च्या 'अलबेला'त होता. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस हे वादकांसमोर कागद ठेवणारे लोक. हे पेटीवर गुणगुणलेली चाल ऐकून अख्ख्या वाद्यवृंदाचं नोटेशन लिहायचे. त्यांना वाचता यायचं म्हणून त्यांचा कान बोथट झाला, असं कुणी म्हणेल का? अंकल त्याच परंपरेतले. त्यांनी माझं पुस्तक मिटलं, फाडलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच पुस्तकावर पेन्सिलीने त्यांनी मला तीन जागा दाखवल्या, जिथे रेकॉर्डवर त्यांना वेगळं ऐकू येत होतं. "ऐक आणि ठरव," म्हणाले. कागदाशी भांडायचं तर असं भांडायचं. त्यासाठी आधी कानात काहीतरी असावं लागतं.

*

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच खरा आहे: वेळ नाही.

मान्य. मलाही नाही. स्टँडअप, स्प्रिंट, रात्री अकराला अमेरिकेबरोबर कॉल. फ्लॅनगनचा सोलो काढायला मला साडेतीन महिने लागले, रोज वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्या वेळात पीडीएफवरून मी पंधरा सोलो 'वाजवले' असते. पण जे पंधरा गाता येत नाहीत त्यांचं करायचं काय? प्रोफाइलवर लावायचे? अर्धं आयुष्य आपण अपेक्षित प्रश्नसंच घोकून पुढच्या वर्गात ढकलले गेलो. छंदाची तर परीक्षाही नाही. जिथे कुणी मार्क देणार नाही, तिथेही आपण गाईड का घेतोय?

म्हणून माझं सांगणं एवढंच. सोलो एकच घ्या, छोटा घ्या. लेस्टर यंगचा घ्या, त्यात जागा भरपूर आहे. आठ बारसुद्धा चालतील. लय हवी तेवढी कमी करा. आधी गा, रेकॉर्डबरोबर, मग रेकॉर्ड बंद करून. मग वाद्यावर शोधा. हे सगळं झाल्यावर वाटलं तर लिहा, आणि त्यानंतर बाजारातली पीडीएफ उघडून आपल्याशी ताडून पाहा. जिथे फरक असेल तिथे पुन्हा ऐका. कधी तुम्ही चुकलेले असाल, कधी पीडीएफ. तुम्ही माझ्यासारखे प्रोग्रॅम लिहिणारे असाल तर लोकांचा कान धारदार होईल असं काहीतरी लिहा. कानाला सुट्टी देणारं यंत्र आपल्यातला कुणीही एका रविवारी लिहू शकतो, मी लिहिलं होतं.

त्या मुलाला मी माफी मागून सगळं सांगितलं. दोन दिवस त्याने उत्तर दिलं नाही. बरोबरच आहे, दोन महिने घातले होते त्याने. मग लिहिलं, "मग आता काय करू?" मी त्याला रेकॉर्डवरची ती जागा सांगितली, जिथे फ्लॅनगनची ओळ पहिल्यांदा तुटते, आणि म्हटलं, तिच्या आधीचे चार बार आणि ती जागा, एवढंच गा.

तीन आठवड्यांनी व्हॉइस नोट आली. मागे पंख्याचा आवाज. सूर डळमळीत, लय निम्मी. चार बार गाऊन तो थांबला. पंखा ऐकू येत राहिला. मग पुढचा सूर आला, जिथे यायला हवा होता तिथे.